नवा कॉम्प्युटर, जुने गेम: पुन्हा इन्स्टॉल करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीतल्या निम्म्या लोकांनी नवा लॅपटॉप घेतला आणि उरलेले घ्यायच्या तयारीत आहेत. त्यातल्या प्रत्येकाचा फोन एकाच वाक्याने सुरू होतो: "अरे, माझे गेम कसे आणू?" तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदाच लिहून काढली आहेत. भर विंडोजवर आणि स्टीम, एपिक, जीओजी या गेमच्या तीन ऑनलाइन दुकानांवर आहे, कारण विचारणारे बहुतेक तिथलेच असतात.

पैसे देऊन घेतलेला गेम नव्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा विकत घ्यावा लागतो का?

नाही. डिजिटल गेमची नोंद अकाउंटवर असते, कॉम्प्युटरवर नाही. नव्या मशीनवर त्या दुकानाचा लाँचर (गेम उतरवायचं आणि चालवायचं ॲप) टाका, जुन्याच अकाउंटने लॉगिन करा आणि लायब्ररी उघडा. सगळी यादी तिथे असते. हवा तो गेम इन्स्टॉल करा. जुना कॉम्प्युटर जळाला, चोरीला गेला किंवा भंगारात दिला, तरी यादीला धक्का लागत नाही.

घोळ होतो तो नवं अकाउंट उघडल्यामुळे. नवा लॅपटॉप म्हणून लोक उत्साहात नवा ईमेल देतात आणि मग लायब्ररी रिकामी दिसली की घाबरतात. रिकामी लायब्ररी दिसली तर आधी कोणत्या ईमेलने आत शिरलात ते पाहा. दहातले आठ वेळा तेच निघतं.

जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे. फॉरमॅट करण्याआधी काय काढून घेऊ?

लोक आधी गेमच्या फाइली कॉपी करायला घेतात, कारण त्या आकाराने मोठ्या आणि म्हणून मोलाच्या वाटतात. खरं तर गेमच्या फाइली कधीही परत डाउनलोड होतात. परत मिळत नाही ती तुमची सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलात त्याची नोंद. म्हणून आधी सेव्ह फाइली घ्या. मग प्रत्येक लाँचरचं अकाउंट कोणत्या ईमेलवर आणि कोणत्या मोबाइल नंबरवर आहे ते वहीत लिहा. हो, वहीतच. गेमचे फोल्डर सगळ्यात शेवटी, तेसुद्धा नेट मंद असेल तरच.

आणखी दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये घातलेली भर. स्टीमच्या वर्कशॉपमधले मॉड आपोआप परत येतात, पण इतर साइटवरून उतरवून हाताने टाकलेले येत नाहीत. त्यांची यादी आणि ते कोणत्या क्रमाने लोड होतात हे टिपून ठेवा. दुसरी, तुम्ही बदललेली बटणं आणि सेटिंग. काही गेम त्या क्लाउडवर ठेवतात, काही ठेवत नाहीत.

पण सेव्ह तर क्लाउडवर असते ना?

सगळ्याच गेमची नसते. स्टीम क्लाउड वापरायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. दुकानाच्या पानावर त्या गेमच्या वैशिष्ट्यांमध्ये तसा उल्लेख असतो, आणि लायब्ररीतही गेमच्या पानावर ढगाचं चिन्ह दिसतं. एपिक आणि जीओजीच्या गॅलक्सी या लाँचरवरही तसंच: काही गेमना सोय आहे, काहींना नाही. जुने गेम आणि छोट्या स्टुडिओचे गेम यांच्या बाबतीत तर खात्री केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

क्लाउड असलं तरी एक जागा धोक्याची आहे. नव्या मशीनवर गेम पहिल्यांदा सुरू करताना कधी कधी खिडकी येते: या कॉम्प्युटरवरची सेव्ह आणि क्लाउडवरची सेव्ह जुळत नाहीत, कोणती ठेवू? नव्या मशीनवर काहीच नाही, म्हणजे तुम्हाला क्लाउडवरचीच हवी आहे. पण घाईत उलटं बटण दाबलं की रिकामी सेव्ह वर जाते आणि भरलेली पुसली जाते. हे मी स्वतः केलं आहे. रात्रीचा एक वाजला होता, डोळ्यांवर झोप होती आणि हातात चहा. चाळीसेक तासांचा खेळ एका क्लिकमध्ये गेला. त्या खिडकीत दोन्ही सेव्हच्या तारखा आणि वेळा दिलेल्या असतात. त्या वाचा, आणि शंका आली तर खिडकी बंद करून सकाळी पाहा.

सावधगिरी म्हणून जुन्या मशीनवर तो गेम एकदा उघडून बंद करा आणि क्लाउडची नोंद पूर्ण होईपर्यंत थांबा. मगच नव्यावर जा.

सेव्ह फाइल नेमकी कुठे असते? सापडतच नाही.

हा प्रश्न कायम येणार, कारण प्रत्येक गेमची तऱ्हा वेगळी. शोधायच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. पहिली, डॉक्युमेंट्स फोल्डर, आणि त्याच्या आतला "माय गेम्स". दुसरी, तुमच्या नावाच्या फोल्डरमधला "सेव्ह्ड गेम्स". तिसरी, ॲपडेटा. हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून लपलेल्या वस्तू दाखवायला सांगा. त्याच्या पोटात रोमिंग, लोकल आणि लोकललो असे तीन फोल्डर आहेत. तिन्ही बघा. चौथी जागा, स्टीमच्या स्वतःच्या फोल्डरमधला "यूजरडेटा".

उदाहरणं द्यायची तर: द विचर ३ च्या सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये गेमच्याच नावाच्या फोल्डरात असतात. स्टारड्यू व्हॅलीचं शेत ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये असतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतली जगंही रोमिंगमध्येच, पण ज्याच्या नावाआधी टिंब आहे अशा माइनक्राफ्ट फोल्डरच्या "सेव्ह्ज"मध्ये. घरात मुलांनी दोन वर्षं बांधलेला किल्ला असेल तर फॉरमॅटआधी हा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. तो गेला तर मुलं तुम्हाला माफ करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

बाकी गेमसाठी पीसीगेमिंगविकी नावाची साइट आहे. तिथे गेमचं नाव टाकलं की सेव्ह आणि सेटिंगची जागा पत्त्यासकट मिळते. लुडुसावी नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याच माहितीच्या आधारे सेव्ह शोधून एका जागी गोळा करतं. गेम वीस-तीस असतील तर हाताने शोधत बसू नका, हेच वापरा.

एक फसवी गोष्ट. आजकाल विंडोज डॉक्युमेंट्स फोल्डर परस्पर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर वळवतं. त्यामुळे जुन्या मशीनवर सेव्ह एका पत्त्यावर आणि नव्यावर दुसऱ्याच, असं होतं. कॉपी केलेली सेव्ह गेमला दिसत नसेल तर आधी हे तपासा.

शंभर जीबी पुन्हा डाउनलोड करायचे म्हणजे किती वेळ?

हिशेब सोपा आहे. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये आणि फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये, म्हणून आठने भागा. ४० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. १०० जीबीला साधारण साडेपाच तास. १०० एमबीपीएसवर सव्वादोन तासांच्या आसपास. रात्री लावून झोपा. रेड डेड रिडेम्प्शन २ किंवा बाल्डर्स गेट ३ सारखे गेम एकेकटे १५० जीबीच्या घरात जातात, हे आधी लक्षात घ्या.

घरच्या फायबरवर डेटा-मर्यादेची फारशी चिंता नसते. महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये निम्मी लायब्ररी बसते. पण हॉस्टेलवर किंवा गावी, दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइल डेटावर बसला असाल तर हा मार्ग तुमचा नाही. पुढचं वाचा.

डाउनलोड न करता जुन्या मशीनवरून आणता येतील का?

येतील. तीन वाटा आहेत.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच घरात, एकाच राउटरला जोडलेले असतील तर स्टीमची स्वतःची सोय वापरा. ती २०२३ मध्ये आली. दोन्हीकडे स्टीम चालू ठेवा, एकाच अकाउंटने लॉगिन असू द्या, आणि सेटिंगमधल्या डाउनलोडच्या भागात स्थानिक नेटवर्कवरून फाइल पाठवायची परवानगी आहे का ते बघा. मग नव्या मशीनवर नेहमीसारखं इन्स्टॉल दाबा. स्टीम आपणहून बघतं की हा गेम शेजारच्या मशीनवर आहे, आणि तिथूनच उचलतं. वायफायपेक्षा दोन्हीकडे लॅन केबल लावली तर फरक लगेच कळतो.

दुसरी वाट बाहेरच्या हार्ड डिस्कची. जुन्या मशीनवर स्टीमचा "स्टीमॲप्स" फोल्डर शोधा. त्याच्या आत "कॉमन"मध्ये गेम असतात आणि बाहेर एसीएफ नावाने संपणाऱ्या छोट्या फाइली. दोन्ही घ्या. नव्या मशीनवर स्टीम टाकून बंद करा, त्याच जागी हे सगळं ठेवा आणि स्टीम उघडा. गेम इन्स्टॉल झालेले दिसतील. छोट्या फाइली राहून गेल्या असतील तरी बिघडत नाही: इन्स्टॉल दाबल्यावर स्टीम आधीच्या फाइली ओळखतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं. शेवटी गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइलींची तपासणी करून घ्या. यूएसबी ३ ची साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास देते. म्हणजे १०० जीबीला पंधरा-वीस मिनिटं.

एपिकला मात्र जरा फसवावं लागतं. नव्या मशीनवर गेमचं इन्स्टॉल सुरू करा, दोन-तीन टक्के झालं की थांबवा, लाँचर पूर्ण बंद करा, जुना फोल्डर त्या नव्या फोल्डरवर कॉपी करा, आणि लाँचर उघडून पुढे चालू करा. तो फाइली तपासतो आणि आहे ते ठेवून देतो.

पेन ड्राइव्ह वापरणाऱ्यांसाठी: ती फॅट३२ प्रकारात असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तिच्यावर बसणार नाही, जागा कितीही रिकामी असो. "जागा आहे तरी कॉपी होत नाही" असा फोन येतो तो याचसाठी. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. त्यावरचं आधीचं सगळं जाईल हे ध्यानात ठेवून.

फोल्डर कॉपी केला आणि आतल्या आयकॉनवर डबल-क्लिक केलं. डीएलएल नाही म्हणतोय.

डीएलएल म्हणजे गेमला चालायला लागणारी मदतीची फाइल. गेमच्या सोबत असं काही सामान वेगळं इन्स्टॉल होतं: व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या फाइली, जुना डायरेक्टएक्स वगैरे. नुसता फोल्डर उचलला की ते मागे राहतं. लाँचरमधून इन्स्टॉल केलं की तो हे सामान स्वतः टाकतो. इंटरनेटवरून सुटी डीएलएल फाइल उतरवून टाकू नका. त्या नावाखाली काय येईल सांगता येत नाही.

पासवर्ड आठवतो, पण कोड जुन्या नंबरवर किंवा बंद पडलेल्या ईमेलवर जातो. आता?

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, आणि बहुतेकदा कारण एकच: कॉलेजात असताना कॉलेजच्या ईमेलवर अकाउंट उघडलेलं असतं. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला. किंवा सिम बदललं, आणि जुना नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला मिळाला.

जुना कॉम्प्युटर अजून लॉगिन अवस्थेत असेल तर नशीबवान आहात. त्याला हात लावण्याआधी त्यावरूनच सेटिंगमध्ये जाऊन ईमेल आणि नंबर बदलून घ्या. स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिनचा कोड देणारी स्टीमची सोय, मोबाइलवर लावताना "आर" अक्षराने सुरू होणारा एक रिकव्हरी कोड मिळतो. फोन हरवला तर तोच कामाला येतो. तो स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो.

यातलं काहीच नसेल तर सपोर्टला लिहा. त्यांना तुमचं नाव-गाव पटत नाही, पुरावा पटतो: त्या अकाउंटवर केलेल्या खरेदीची पावती, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक, पूर्वी टाकलेली डब्यातल्या गेमची की, म्हणजे तो चालू करायचा कोड. नेटबँकिंग किंवा यूपीआयने पैसे भरले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो क्रमांक सापडतो. जितकी जुनी खरेदी दाखवाल तितकं बरं. अकाउंट मित्राने त्याच्या कार्डवरून भरून दिलेलं असेल तर आधी मित्राला शोधा.

माइनक्राफ्टबद्दल वाईट बातमी. तो गेम बनवणाऱ्या मोजांगचं जुनं अकाउंट मायक्रोसॉफ्टवर हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली. तोपर्यंत हलवलं नसेल तर तो गेम परत विकत घ्यावा लागतो.

फुकट मिळालेले गेमही परत येतात का?

फुकट "घेतलेले" येतात. मे २०२० मध्ये एपिकने जीटीए ५ आठवडाभर फुकट दिला तेव्हा इतकी गर्दी झाली की दुकानच कोलमडलं होतं. तेव्हा तो घेऊन ठेवला असेल तर आजही लायब्ररीत आहे. मात्र तो चालवायला तो बनवणाऱ्या रॉकस्टारचा लाँचर आणि त्याचं वेगळं अकाउंटही लागतं. तेव्हा जे जोडलं होतं तेच आठवा.

मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीचं वेगळं. ते भाडं आहे. वर्गणी थांबली किंवा गेम यादीतून निघाला की खेळ बंद.

दुकानातून काढून टाकलेला गेम मिळेल का?

स्टीमवर सहसा मिळतो. विक्री थांबली तरी आधी घेतलेल्यांच्या लायब्ररीत तो राहतो आणि डाउनलोड होतो. लाँचरच बंद पडला तर काय, असंही विचारतात. बेथेस्डा या गेम कंपनीने २०२२ मध्ये आपला लाँचर बंद केला तेव्हा लोकांना गेम स्टीमवर हलवून दिले. ईए कंपनीच्या ओरिजिन या लाँचरची जागा ईए ॲपने घेतली आणि जुनी लायब्ररी तिकडे गेली.

पण सर्व्हरवर टेकलेल्या गेमचं काही खरं नाही. युबिसॉफ्टने द क्रू या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागायचा. पुढे लोकांच्या लायब्ररीतून त्याचा परवानाही काढून घेतला. त्या रागातूनच युरोपात "स्टॉप किलिंग गेम्स" ही मोहीम उभी राहिली.

म्हणजे गेम माझा आहे की नाही?

कायद्याच्या भाषेत तुम्ही परवाना घेतला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमच्या खरेदीच्या पानावरच तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने डिजिटल वस्तू विकताना हे लपवू नका असा कायदा केला होता. हा परवाना दुसऱ्याला विकता येत नाही, आणि स्टीमच्या नियमांनुसार अकाउंट कोणाच्या नावे करूनही देता येत नाही.

जीओजी त्यातल्या त्यात वेगळं. तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो. एकदा डिस्कवर घेतला की इंटरनेट नको, लाँचर नको, लॉगिन नको. मला विचाराल तर ज्या चार-पाच गेमवर खरोखर जीव आहे ते तिथे सवलतीत घ्यावेत आणि इन्स्टॉलर बाहेरच्या डिस्कवर टाकावा. बाकी लायब्ररी स्टीमच्या भरवशावर सोडली तरी चालते. मीही सोडली आहे.

घरी डीव्हीडीचे डबे आहेत. त्यांचं काय?

डब्यातल्या कागदावर की असेल तर ती स्टीमवर टाकून बघा. स्कायरिम, सिव्हिलायझेशन ५ असे गेम डब्यात विकले जायचे तेव्हाही आतून स्टीमच लागायचं. त्याहून जुने, सेफडिस्क नावाचं कुलूप असलेले गेम विंडोज १० आणि ११ वर मूळ डिस्कवरून चालत नाहीत, कारण मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून त्याचा ड्रायव्हरच काढून टाकला. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो हा प्रश्न त्याच्याही आधीचा. असा गेम जीओजीवर शंभर-दोनशे रुपयांत मिळत असेल तर खटपट करू नका.

दुकानदाराने दोनशे रुपयांत "ऑफलाइन ॲक्टिव्हेशन" करून दिलं होतं. ते नव्यावर कसं करू?

होणार नाही. तो गेम तुमचा कधीच नव्हता. दुसऱ्याच्या अकाउंटने लॉगिन करून, ऑफलाइन करून दिलेला होता. सेव्ह मात्र तुमची आहे, ती काढून घ्या. पुढे खरा गेम घेतलात तर कदाचित ती चालेल. काही गेम सेव्ह अकाउंटच्या क्रमांकाशी बांधतात, तिथे मात्र चालणार नाही.

जुना लॅपटॉप धाकट्याला देतोय. दोघं एकच लायब्ररी वापरू शकतो का?

स्टीम फॅमिलीज वापरा. एका घरातली सहा माणसं मावतात, प्रत्येकाचं अकाउंट आणि सेव्ह वेगळी. दोघं एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात. एकाच प्रतीवर एकाच वेळी दोघं नाहीत. सगळे गेम यात येत नाहीत. धाकट्याने तुमच्या प्रतीवर ऑनलाइन चीटिंग केली तर बंदी तुमच्यावरही येते, हे त्याला आधीच बजावा. आणि विचार करून सामील करा: फॅमिली सोडली तरी, तिच्यात सामील झाल्यापासून वर्ष होईपर्यंत दुसऱ्या फॅमिलीत जाता येत नाही.

लॅपटॉप बाहेर विकत असाल तर स्टीममधून सगळी उपकरणं एकदम लॉगआउट करायची सोय आहे, ती वापरा आणि मग विंडोज रीसेट करा.

मी आता मॅक घेतला आहे.

स्टीमवर गेमची मॅक आवृत्ती असेल तर तीच खरेदी चालते, वेगळे पैसे नाहीत. पण २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकने ३२ बिट सॉफ्टवेअर बंद केलं, त्यामुळे बरेच जुने गेम यादीत दिसतात आणि उघडत नाहीत. लिनक्सवाल्यांची स्थिती उलट: स्टीमच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे कितीतरी गेम तिथे चालतात.

भारतात घेतलेले गेम परदेशात चालतील का? पुण्याहून जर्मनीला आलोय.

लायब्ररी तशीच राहते. फक्त पुढची खरेदी तिथल्या चलनात होईल. स्टीमवर देश बदलायला तिथलं कार्ड किंवा पैसे भरायचं साधन लागतं, आणि तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो. रुपयांतल्या किमतीसाठी भारतीय पत्ता धरून बसायचा मोह होतो, पण ते नियमाबाहेर आहे आणि अकाउंटवर निर्बंध येऊ शकतात.

सगळं झालं. गेम उघडतो, पण जुन्या मशीनपेक्षाही अडखळतो!

लॅपटॉप चार्जरला लावलाय का? हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. नंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर एनव्हीडिया किंवा एएमडीच्या साइटवरून नवा टाका. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या भागात जाऊन त्या गेमसाठी मोठी चिप निवडा. आणि गेमच्या आतली सेटिंग बघा: क्लाउडने जुन्या मॉनिटरचं रिझोल्यूशन उचलून आणलेलं असतं, कधी जुन्या कार्डाला झेपणारा, सेकंदाला ३० फ्रेमचा (चित्रांचा) लगामही. तो काढा. एवढ्यानेही फरक पडला नाही तर गेमच्या फाइलींची तपासणी पुन्हा करा, विशेषतः हार्ड डिस्कवरून कॉपी केला असेल तर.